आधी पाहावे, मग घडवावे

बडोद्यातील मराठी घरांचा गेल्या तीन-चार पिढ्यांचा इतिहास पाहिला, तर त्यात ‘नोकरी’ या एका शब्दाला फार मोठे स्थान असल्याचे दिसते. पणजोबा संस्थानच्या सेवेत होते, आजोबा शाळेत किंवा कचेरीत, वडील बँकेत, रेल्वेत किंवा तेलशुद्धीकरण कारखान्यात. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील आपल्या घरांची कथाही याहून फारशी निराळी नसावी. अशा घरात एखाद्या संध्याकाळी अभियंता झालेला मुलगा जेवता जेवता सहज म्हणतो, “मी नोकरी सोडतोय, स्वतःची कंपनी काढणार आहे,” तेव्हा ताटावरचे हात क्षणभर थांबतात.

१६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने ‘स्टार्टअप इंडिया’ योजनेचा प्रारंभ केला आणि तेव्हापासून ‘स्टार्टअप’ हा शब्द आपल्याही घरांत रुळला. नवी कल्पना घेऊन, थोड्या माणसांनिशी आणि बहुधा तुटपुंज्या भांडवलावर उभा केलेला उद्योग, एवढाच त्याचा साधा अर्थ. मुलाने हा शब्द उच्चारताच वडील विचारतात, भांडवल कोठून आणणार? आई विचारते, लग्नाचे काय? काका विचारतात, भागीदार कोण आहे? हे सर्व प्रश्न रास्तच आहेत. पण सर्वांत आधी विचारावा असा एक प्रश्न बहुधा कोणीच विचारीत नाही. तो असा, की जी वस्तू तू घडविणार आहेस ती वापरणारा माणूस कोण, आणि त्याच्या घरी जाऊन तू कधी बसला आहेस काय?

हा प्रश्न आम्हांस सुचला तो एका परिचिताच्या घरी. दांडिया बाजारातल्या त्या घरातील तरुणाने नोकरी सोडून, वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतील काही रक्कम घेऊन, वृद्धांना घरबसल्या औषधे मागविता यावीत म्हणून मोबाइलवरचे एक अॅप तयार केले. आठ महिने तो खोलीचे दार लावून काम करीत होता. अॅप देखणे झाले, अक्षरे मोठी, रंग सौम्य. पण त्याच घरातली, ऐंशी ओलांडलेली त्याची आजी औषधे मागवीतच राहिली ती कोपऱ्यावरच्या दुकानात फोन करून. शेवटी तो कळवळून म्हणाला, “आजी, निदान तू तरी वापर ना गं!” त्यावर आजी शांतपणे म्हणाली, “बाळ, तुझं यंत्र मला कळत नाही असं नाही. पण तो औषधवाला भाई फोनवर मला विचारतो, ‘बा, सांजनी गोळी अडधी लेवानी छे, याद छे ने?’ पैसे महिन्याअखेरीला घेतो. तुझं यंत्र हे विचारतं का?” तरुण म्हणाला, “हे तू मला आधी का नाही सांगितलंस?” आजी म्हणाली, “तू विचारलंस कुठे?”

आजीच्या या उत्तरात ज्या शास्त्राचे मर्म आले आहे, त्या शास्त्राचा परिचय वाचकांना करून द्यावा, म्हणून हा लेखप्रपंच. वस्तू वापरणाऱ्या माणसाचा त्याच्या जागी जाऊन अभ्यास करणे, त्या अभ्यासातून खरी अडचण कोणती ते ठरविणे, कच्चा नमुना करून तो त्याच्या हाती देणे, आणि त्याच्या हातात तो कसा चालतो हे पाहून पुन्हा घडविणे, अशी ही पद्धत आहे. डिझाइन म्हणजे वस्तूवरची नक्षी किंवा रंगसंगती असा आपला समज असतो. या शास्त्रात डिझाइन म्हणजे ही सबंध खटपट.

काठमांडूच्या रिकाम्या पेट्या

या पद्धतीने काय साधते ते समजण्यासाठी एका नवजात उद्योगाची कथा पाहण्यासारखी आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अत्यंत गरीब लोकांना परवडतील अशा वस्तू घडविण्याचा एक अभ्यासक्रम चालतो. २००७ मध्ये त्यातील काही विद्यार्थ्यांपुढे एक काम ठेवण्यात आले. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळांना इस्पितळात ज्या काचेच्या पेटीत ठेवतात, तिची किंमत त्या वेळी २०,००० डॉलरपर्यंत जात असे. त्या किमतीच्या एक टक्क्यात अशी पेटी करता येईल काय, असा तो प्रश्न होता. या विद्यार्थ्यांत विद्युत अभियांत्रिकीचे राहुल पणिक्कर होते, संगणकशास्त्राचे लायनस लियांग होते, व्यवस्थापन शिकणाऱ्या जेन चेन आणि नागानंद मूर्तीही होते. वैद्यकाचे शिक्षण मात्र यांपैकी कोणाचेही नव्हते.

साध्या विचाराने पाहता काम स्पष्ट होते. पेटी उघडावी, तिचे भाग पाहावेत, महाग भागांऐवजी स्वस्त भाग घालावेत. अभियंत्याला हेच सुचेल, आणि त्यात चूक काही नाही. परंतु अभ्यासक्रमाचा दंडक असा, की ज्यांच्यासाठी वस्तू घडवायची त्यांना आधी प्रत्यक्ष भेटावे. म्हणून लियांग नेपाळला गेले. काठमांडूच्या इस्पितळात त्यांना जे दिसले ते त्यांच्या कल्पनेत नव्हते. देणगीदाखल आलेल्या काचेच्या पेट्या तेथे होत्या, आणि त्यांतल्या कितीतरी रिकाम्या होत्या. बाळे मरत होती आणि पेट्या रिकाम्या होत्या! डॉक्टरांना विचारता उलगडा झाला, की ज्या बाळांना या पेट्यांची गरज आहे ती डोंगरातल्या खेड्यांत, घरीच जन्माला येतात आणि इस्पितळाची पायरी चढण्याआधीच गार पडून दगावतात.

येथे सबंध प्रश्नच पालटला. पेटी कितीही स्वस्त केली असती, तरी ती काठमांडूतच राहिली असती आणि आणखी एक पेटी रिकामी पडली असती. आता प्रश्न असा झाला, की जेथे वीज नाही, डॉक्टर नाही, मोटार जाण्याजोगा रस्ता नाही, अशा घरात आईच्या हाती काय द्यावे म्हणजे बाळ उबेत राहील?

बाळ गार पडते म्हणजे काय, हेही थोडे समजून घेतले पाहिजे. नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे लागते. जन्मतः अडीच किलोहून कमी वजन असलेल्या बाळाच्या अंगी चरबी थोडी असते आणि वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते. त्यामुळे त्याची ऊब झपाट्याने निघून जाते आणि वाढीसाठी लागणारी शक्ती अंग गरम राखण्यातच खर्ची पडते. खोली आपल्याला सुखद वाटत असतानाही ते बाळ गारठत असते.

या मंडळींनी यावर योजलेला उपाय आपल्या स्वयंपाकघरातल्या अनुभवाशी ताडून पाहता येतो. पातेल्यात बर्फ वितळत असतो, तेव्हा सगळा बर्फ संपेपर्यंत पाण्याचे तापमान शून्य अंशावरच राहते. याउलट एखादा वितळलेला पदार्थ थिजू लागला, की थिजण्याची क्रिया पुरी होईपर्यंत तो एकाच तापमानाला ऊब सोडीत राहतो. शरीराच्या तापमानाच्या आसपास, म्हणजे ३७ अंशांच्या जवळपास, वितळणारा मेणासारखा एक पदार्थ त्यांनी निवडला आणि तो एका चपट्या पिशवीत भरला. ही पिशवी गरम करून, बाळाला ठेवण्याच्या छोट्या दुलईवजा झोळीत पाठीमागे सरकवायची. मेण हळूहळू थिजते आणि बाळाला चार तास, पुढील सुधारलेल्या नमुन्यांत त्याहूनही अधिक वेळ, सारखी ऊब मिळते. या वस्तूला आणि उद्योगाला त्यांनी ‘एम्ब्रेस’, म्हणजे कवेत घेणे, असे नाव दिले. अभ्यासक्रम संपला, परीक्षा झाल्या. परंतु ही मंडळी थांबली नाहीत. २००८ मध्ये त्यांनी संस्था स्थापन केली, पुढे ती भारतात येऊन बंगळूर येथे स्थिरावली आणि २०११ मध्ये वस्तू प्रत्यक्ष वापरात आली.

अर्ध्या चमच्याची गोष्ट

तथापि या कथेतील आम्हांस सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग यानंतरचा आहे. नमुना घेऊन ही मंडळी भारतातल्या खेड्यांत मातांना दाखवीत हिंडत होती. पिशवी किती गरम झाली हे कळावे म्हणून तिच्यावर तापमान दाखविणारी आकड्यांची पट्टी होती. काटा ३७ वर आला की पिशवी तयार, यात न समजण्यासारखे काय आहे, असे घडविणाऱ्यांना वाटत होते. एका आईने मात्र वेगळेच सांगितले. ती म्हणाली, की ही इंग्रजी औषधे फार जहाल असतात. म्हणून डॉक्टरांनी एक चमचा द्या म्हटले तर आम्ही बाळाला अर्धाच देतो. मग या पिशवीचे तरी काय? ३७ पर्यंत तापवा म्हटले तर आपली काळजी म्हणून ३० वरच थांबायचे!

ही आई अडाणी नव्हती, निष्काळजी तर मुळीच नव्हती. बाळावरच्या मायेपोटीच ती औषध अर्धे करीत होती, आणि त्या मायेनेच पिशवी निरुपयोगी ठरली असती. प्रयोगशाळेतल्या कोणत्याही परीक्षेत हा दोष सापडला नसता, कारण यंत्रात दोष नव्हताच. त्या मंडळींनी आकडे काढून टाकले. पिशवी योग्य तापली की ‘ठीक आहे’ असे दाखविणारी एक खूण तेवढी ठेवली. जेथे आकडाच नाही तेथे अर्धे कशाचे करणार?

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजही अशीच ‘अर्धी गोळी’ चालते, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रसंगाचे महत्त्व कळेल. वस्तू घडविणारा जे गृहीत धरतो आणि वापरणारा जे मनात ठेवून ती हाती घेतो, त्यांत अंतर असते. ते अंतर वापरणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसल्यावाचून दिसत नाही.

येथे एक खुलासा केला पाहिजे. बाळाला ऊब देण्याचे सर्वांत उत्तम साधन म्हणजे आईचे अंगच. बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची पद्धत १९७८ मध्ये कोलंबिया देशातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी सुरू केली, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जन्मानंतर लगेचच असे ठेवावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये केली आहे. मेणाची पिशवी आईची जागा घेण्यासाठी नाही. आई आजारी असेल, झोपली असेल, किंवा बाळाला दूर न्यावयाचे असेल, तेव्हाचा तो आधार आहे.

काय विचारावे, काय विचारू नये

आता या पद्धतीची अंगे थोडक्यात पाहू. पहिले अंग निरीक्षणाचे. १९८३ मध्ये अमेरिकेत स्कॉट कुक यांनी घरगुती जमाखर्चाचे सॉफ्टवेअर करणारी ‘इन्ट्युइट’ ही कंपनी काढली. त्यांची पत्नी महिन्याची बिले भागविताना वैतागलेली त्यांनी पाहिली, त्यातून ही कल्पना आली. पुढे या कंपनीने एक विलक्षण प्रघात पाडला. दुकानात कोणी त्यांचे सॉफ्टवेअर विकत घेतले, की कंपनीचा माणूस अदबीने विचारी, आपण घरी जाऊन हे उघडाल तेव्हा मी तेथे नुसता बसून पाहिले तर चालेल काय? तो गिऱ्हाइकामागून घरी जाई आणि मुकाट बसून राही. गिऱ्हाईक कोठे अडखळते, कोठे कपाळाला आठी पडते, तेवढे टिपून घेई. पुढे कंपनीला असेही आढळले, की घरासाठी केलेला हा जमाखर्च बरेच लोक आपल्या लहानशा धंद्यासाठी वापरीत आहेत. प्रारंभी कंपनीने तिकडे दुर्लक्ष केले. नंतर नीट चौकशी केली तेव्हा कळले, की या छोट्या व्यावसायिकांना नावे-जमेच्या शास्त्रोक्त हिशेबाची धास्ती वाटते. त्या धास्तीतूनच १९९२ मध्ये त्यांच्यासाठी निराळे सॉफ्टवेअर तयार झाले आणि ते कंपनीचा मोठा आधार ठरले.

दुसरे अंग प्रश्न विचारण्याचे. यात नवशिके हमखास चुकतात. “अशी वस्तू आली तर आपण घ्याल का?” असे विचारले, की आपल्याकडचा सज्जन माणूस कोणाचे मन मोडू नये म्हणून “हो, हो, जरूर घेऊ” असेच म्हणणार. लग्नघरी “जेवण कसे होते?” या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तराइतकेच ते उत्तर विश्वसनीय! म्हणून ‘पुढे काय कराल’ असे न विचारता ‘मागच्या खेपेस काय केलेत’ असे विचारावे. मागच्या महिन्यात औषध संपले तेव्हा काय केले, कोणाला फोन केला, किती वेळ गेला, पैसे कसे दिले? अशा प्रश्नांना माणूस आठवून उत्तर देतो, आणि आठवून दिलेल्या उत्तरात भिडेला फारसा वाव उरत नाही.

तिसरे अंग कच्च्या नमुन्याचे. वस्तू पूर्ण होईपर्यंत लपवून ठेवावी, मग एकदम पडदा उघडावा, असा मोह प्रत्येकाला होतो. या शास्त्राचा उपदेश नेमका उलटा आहे. पुठ्ठ्याचा, कागदाचा, फडक्याचा असा नमुना लवकरात लवकर करावा आणि लोकांच्या हाती द्यावा. नमुना ओबडधोबड असला म्हणजे लोकही मोकळेपणाने नावे ठेवतात. देखण्या वस्तूला नावे ठेवणे त्यांच्या जिवावर येते, आणि ती बदलणे घडविणाऱ्याच्या.

यासाठी हजारो लोकांची पाहणी लागते, आणि ती करायला पैसा कोठून आणायचा, अशी शंका येईल. जेकब नील्सन या अभ्यासकाने २००० साली दाखवून दिले, की साधारणपणे पाच जणांना वस्तू वापरताना लक्षपूर्वक पाहिले, तरी वापरातल्या अडचणींपैकी सुमारे ८५ टक्के ध्यानात येतात. हा काही अढळ नियम नव्हे. निरनिराळ्या प्रकारची माणसे असतील तर प्रत्येक प्रकारातली काही पाहावी लागतात. पण पाच माणसे प्रत्येकाच्या वाड्यात, सोसायटीत सापडतात. त्यांना पाहायला चहाच्या खर्चापलीकडे काय लागते?

अडचण स्वतःचीच असली, तरी या चौकशीतून सुटका नाही. २००५ च्या दिवाळीत बंगळुरात नोकरी करणाऱ्या फणींद्र समा या तरुणाला घरी जाण्यासाठी हैदराबादच्या बसचे तिकीट मिळाले नाही. सणासुदीला गावी निघालेल्या कोणालाही हा अनुभव नवा नाही. पण हे गृहस्थ चरफडत बसले नाहीत. तिकीट विकणाऱ्या दलालाकडे जाऊन, जागा कशा ठरतात, फोन कोठे होतात, रिकाम्या जागांचा पत्ता कोणालाच का लागत नाही, याची त्यांनी माहिती काढली. मित्रांबरोबर त्यांनी आधी बसमालकांसाठी सॉफ्टवेअर करण्याचे ठरविले; पण मालकांनी त्यात रस दाखविला नाही. तेव्हा हट्ट न धरता त्यांनी स्वतःच तिकिटे विकायला प्रारंभ केला. २००६ मध्ये निघालेली ती ‘रेडबस’ २०१३ मध्ये ‘इबिबो’ या मोठ्या समूहाने विकत घेतली.

धूर न होणारी चूल

न विचारता घडविले तर काय होते, याचेही उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातलेच आहे. १९८३ च्या सुमारास केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. हेतू अत्यंत स्तुत्य होता. धुराने डोळे आणि छाती खराब होणाऱ्या बायकांना धूर बाहेर नेणारी चूल मिळावी, सरपण कमी लागावे. देशभर लाखो चुली बसल्या, आणि त्यांतल्या कितीतरी पुढे पडून राहिल्या. नंतरच्या काळात ओडिशात सुमारे २,६०० घरांत अशा चुलींचा काही वर्षे अभ्यास झाला. तो करणाऱ्या रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, पण पुढे तो फायदा नाहीसा झाला. घरच्यांनी चूल नियमित वापरली नाही आणि तिची निगाही राखली नाही. प्रयोगशाळेत चूल उत्तम चालत होती. पण रोजच्या घाईत काजळीने भरलेले धुराडे कोण साफ करणार, भेग पडली तर कोण बुजविणार, आणि जुन्या चुलीवर जे सवयीने होते ते हिच्यावर होते का, याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. ते चुलीपुढे बसणाऱ्या बाईजवळच असते.

गडचिरोलीचे मणी

हे सगळे अमेरिकेतून आलेले खूळ आहे, असे मात्र कोणी समजू नये. स्टार्टअप हा शब्द आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हीच वाट धरली होती. १९८६ पासून ‘सर्च’ या संस्थेमार्फत त्यांचे तेथे काम चालले आहे. आदिवासी लोक इस्पितळात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. उत्तरे अशी आली, की कोणत्याही शहरी माणसाला ती सुचली नसती. इस्पितळातले लोक पांढरे कपडे घालतात, आणि आम्ही पांढऱ्या कापडात गुंडाळतो ते प्रेताला. मग मेलेल्यासारखा वेष केलेली माणसे आम्हांला जगविणार कशी? शिवाय रोग्याला आत ठेवून नातेवाइकांना बाहेर घालवितात. आणि त्या मोठ्या इमारतीत देव कोठे आहे? बंग दांपत्याने या उत्तरांना हसून सोडून दिले नाही. त्यांनी दवाखाना उभारला तो आदिवासी खेड्यासारखा, झोपड्या-झोपड्यांचा, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा. आणि दंतेश्वरी देवीचे नाव त्याला दिले.

याच ठिकाणची दुसरी वस्तू तर काठमांडूच्या कथेशी थेट नाते सांगते. बाळाला न्यूमोनिया झाला आहे की नाही हे त्याच्या श्वासांच्या संख्येवरून ओळखता येते. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक, त्याहून मोठ्या तान्ह्या बाळाचे ५० किंवा अधिक झाले, तर धोका समजावा. पण गावातल्या दाईला दहा-बारापुढे मोजता येत नव्हते. तिला आकडे शिकवीत बसावे, की साधनच तिच्या मोजणीला जुळते करावे? बंगांनी दुसरा मार्ग घेतला. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि त्यासोबत मण्यांच्या दोन ओळी असलेले साधन त्यांनी केले; एक ओळ लहान बाळांसाठी, दुसरी त्याहून मोठ्यांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याच्या आत शेवटचा तांबडा मणी सरकला तर बाळाला न्यूमोनिया आहे. साठपर्यंत मोजण्याचे ओझे मण्यांनी उचलले. दाईला दहापर्यंतच मोजायचे राहिले.

या साऱ्या कामाचा पुढचा टप्पा म्हणजे घरोघरी नवजात बाळांची काळजी. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रीने घरी जाऊन बाळ तपासावे, त्याला उबदार पिशवीत ठेवावे, गरज पडल्यास औषध द्यावे, अशी ती योजना. ३९ गावांत ती राबविली गेली आणि ४७ गावे तुलनेसाठी घेतली. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांच्या मृत्यूचे प्रमाण, तुलनेच्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले, आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत अशी काळजी देशभर देण्याचे ठरविले.

ऐकणे म्हणजे सर्व काही नव्हे

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वापरणाऱ्याचे ऐकले म्हणजे उद्योग चाललाच, असे नव्हे. एम्ब्रेसचेच पाहा. पिशवीची गरज आईला आणि बाळाला. पण विकत घेणार इस्पितळ किंवा सरकारी खाते. वापरणारा एक आणि पैसे मोजणारा दुसरा, अशी स्थिती असली म्हणजे दोघांचाही अभ्यास करावा लागतो. २०१२ मध्ये या मंडळींना धर्मादाय काम आणि व्यवसाय यांची फारकत करून दोन संस्था कराव्या लागल्या. पुढे जेन चेन यांनी सधन देशांतल्या बाळांसाठी दुपट्यांचा निराळा व्यवसायही करून पाहिला. संस्थेच्या सांगण्याप्रमाणे या पिशव्यांची ऊब लाखो बाळांना मिळाली आहे. तरीही पैशाची विवंचना त्यांना चुकली नाही, हे नव्या उद्योजकाने विसरू नये.

शिवाय लोक सांगतात ते जसेच्या तसे करणे, असाही या पद्धतीचा अर्थ नाही. त्या खेड्यातल्या आईने “आकडे काढा” असे काही सांगितले नव्हते. ती फक्त आपल्या घरात काय चालते ते बोलली. त्यातून उपाय शोधणे हे घडविणाऱ्याचे काम.

हे काम शिकविणाऱ्या संस्था आपल्या जवळपासच आहेत. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला एक अहवाल सादर केला. भारतात पाहिलेल्या वस्तूंपैकी त्यांना सर्वांत अधिक भावला तो आपला साधा लोटा. अशी वस्तू नव्याने घडवावयाची तर कोणकोणते प्रश्न विचारावे लागतील, याची त्यांनी लांबलचक यादीच केली. पाणी किती मावावे, कोणाच्या हाताने उचलावे, डोक्यावर न्यावे की कमरेवर, ओतताना तोल कसा राहावा, जुना झाल्यावर धातूचे मोल किती यावे. कोणा एका कारागिराने नव्हे, तर पिढ्यांनी वापरून वापरून तो आकार घडविला, असे त्यांचे म्हणणे. त्या अहवालाच्या आधारे १९६१ मध्ये अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली, आणि १९६९ मध्ये मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइनचे केंद्र सुरू झाले. आज तेथून शिकून बाहेर पडलेली मुले मोठमोठ्या उद्योगांत आहेत. लोट्याला पिढ्या मिळाल्या. आपल्या मुलांच्या उद्योगाला मिळतात ती जेमतेम दोन वर्षे, आणि तीही वडिलांच्या पुंजीवर. म्हणून ही घाईतली का होईना, पण चौकशी करण्याची विद्या त्यांनी शिकलीच पाहिजे.

त्या दांडिया बाजारातल्या तरुणाचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. आजीच्या उत्तरानंतर चार दिवस तो कोणाशी बोलला नाही. मग तो त्या कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेला आणि दुकानदाराच्या परवानगीने पंधरा दिवस गल्ल्यामागे स्टुलावर बसून राहिला. कोणाचे औषध कधी संपते हे त्या भाईला तोंडपाठ होते, पण वय झाल्याने आता विसर पडू लागला होता. आणि मांडून ठेवलेल्या उधारीची वही तीन ठिकाणी फाटली होती. आता तो तरुण दुकानदारासाठीच काही तयार करतो आहे. पहिला नमुना त्याने वहीच्या पानावर पेन्सिलीने काढला. हे चालेल की नाही, ते आज कोणी सांगू शकणार नाही. परंतु या खेपेस निधीतील दुसरी रक्कम मोडण्याआधी वडिलांनी त्याला विचारले, “किती जणांच्या शेजारी बसलास?” आणि त्याच्यापाशी उत्तर होते.

आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी उद्या असाच ताटावर बसून नोकरी सोडण्याची गोष्ट काढील, तेव्हा भांडवल, भागीदार आणि लग्न यांच्या आधी हा एक प्रश्न विचारावा. उत्तर नसेल तर रागावू नये. पुढच्या सोमवारी कोणाच्या घरी, कोणाच्या दुकानात जाऊन बसणार ते त्याच्याकडून ठरवून घ्यावे. आणि शक्य असल्यास प्रारंभ घरातल्या आजीपासूनच करावा.